गणितात चोवीस, मग पाच आठवडे

लेकीचा दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. १३ मे २०२५, मंगळवार. मी सकाळपासून मशिनवर बसले होते, पण हातातला ब्लाऊज काही पुरा होईना. एक वाजून गेला तरी साइट उघडेना. पावणेदोनला उघडली. मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान, सामाजिक शास्त्रं सगळं ठीक. गणितापुढे २४. पास व्हायला ३५ लागतात.

लेकीनं मोबाइल उलटा करून ठेवला आणि आत जाऊन झोपली. वाडीत पेढे वाटायला सुरुवात झाली होती. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला होता. शंभरातली चौऱ्याण्णव पोरं पास झालीत आणि आपली राहिली, हे त्या दिवशी फार लागलं. हे संध्याकाळी शेतावरून आले, त्यांनाही मीच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त तिच्या खोलीत जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी दोघं चहा प्यायला बाहेर आले.

त्या रात्री मी मोबाइलवर 'दहावी गणित नापास पुढे काय' असं शोधत होते. जे सापडलं ते तुकड्यातुकड्यांत होतं, त्यातलं निम्मं क्लासच्या जाहिरातींचं. म्हणून आम्ही काय केलं ते तारखांसकट लिहून ठेवते. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो, बोर्डाचा विभाग कोल्हापूर. बाकी विभागांत पद्धत हीच आहे.

१४ मेला शाळेत गेलो. लेक यायला तयार नव्हती, पण सही तिचीच लागणार म्हणून नेली. तिथल्या क्लार्कनी शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, गुणपडताळणी, म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघतात. प्रति विषय ५० रुपये. दुसरी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, प्रति विषय ४०० रुपये. ती हातात आल्यावरच पुनर्मूल्यांकन मागता येतं, त्याचे ३०० रुपये वेगळे, आणि छायाप्रत मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. तिसरी, पुरवणी परीक्षेचा अर्ज. तो शाळेतूनच ऑनलाइन भरतात, आपण बाहेर भरायचा नसतो. हे तीन अर्ज एकमेकांना अडवत नाहीत. छायाप्रत मागवली म्हणून पुरवणीचा अर्ज थांबवू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. माझ्याबरोबर उभ्या असलेल्या एका ताईंचा तोच समज होता.

पुरवणीचा अर्ज भरला, शुल्क आणि शाळेचं किरकोळ मिळून सहाशेच्या आत झालं. पावती घ्या आणि अर्जाची छापील प्रत घेऊन नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि विषय तिथंच उभं राहून वाचा. छायाप्रतीचे चारशे भरताना हे म्हणाले, "नापास ते नापास, पेपर बघून काय करायचंय?" मी भरले. आता सांगते, या सगळ्यात माझे सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे ते चारशे.

मधल्या दोन दिवसांत एक चूक झाली. शहरातल्या एका मोठ्या क्लासमध्ये 'रिपीटर क्रॅश कोर्स' होता, सहा हजार रुपये. नाव नोंदवायला एक हजार भरले. वर्गात सत्तर पोरं. पहिल्याच दिवशी वर्गसमीकरणाचं सूत्र फळ्यावर आणि 'हे पाठ करा, येणारच' म्हणून दहा प्रश्नांची यादी. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, शाळेत जे कळत नव्हतं तेच परत, फक्त जोरात." आम्ही दुसऱ्या दिवशी सोडलं. हजार रुपये परत मिळाले नाहीत. नोंदणीचे पैसे भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणून मागावं, नाही म्हणाले तर तिथं जाऊ नये.

मग एका गिऱ्हाइकाकडून कळलं की निवृत्त झालेले एक शिक्षक दर वर्षी निकालानंतर नापास पोरांसाठी पाच आठवड्यांचा वर्ग घेतात. घराच्या माडीवर, पत्र्याखाली. पंधराच्या वर पोरं घेत नाहीत. १९ मे ते २१ जून, सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते बारा, मध्ये डब्याची सुट्टी. तीन हजार रुपये, दोन हप्त्यांत. नुसतं बीजगणित आणि भूमिती, आणि भूमितीत त्रिकोणमितीला पूर्ण एक आठवडा. मी सरांना विचारलं, "पास होईल का?" ते म्हणाले, "ताई, ते मी दहा दिवसांनी सांगतो. आत्ता मला काहीच माहीत नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी चाचणी घेतली. वीस उदाहरणं, सगळी सहावी-सातवीची. अपूर्णांकांची बेरीज, कंस सोडवणं, वजा संख्यांचे गुणाकार. लेकीचे सात बरोबर आले. वर्गातल्या चौदा जणांत बाराच्या वर कुणीच नव्हतं. सरांनी गुण मोठ्यानं वाचले नाहीत, प्रत्येकाच्या वहीत चुकीच्या उदाहरणापुढे एक शब्द लिहिला: 'चिन्ह', 'कंस', 'छेद', 'घाई'. लेकीच्या वहीत नऊ ठिकाणी 'चिन्ह' होतं.

आठवड्याभरातच छायाप्रत ईमेलवर आली. प्रिंट काढून ती वर्गात घेऊन गेली. मलाही सरांनी त्या दिवशी थांबायला सांगितलं होतं. भाग एकमध्ये, म्हणजे बीजगणितात, पाच गुण, भाग दोनमध्ये, म्हणजे भूमितीत, चार. चोवीसातले उरलेले पंधरा अंतर्गत मूल्यमापनाचे. तिच्या अक्षरातली ती पानं बघताना मला रडू येत होतं, पण सर पेन्सिल घेऊन तपासणीला बसल्यासारखे बसले आणि एकेक ओळ वाचत गेले.

एक उदाहरण मला अजून तोंडपाठ आहे. वर्गसमीकरण होतं, ए म्हणजे दोन, बी म्हणजे वजा पाच, सी म्हणजे तीन. सूत्र तिनं बरोबर लिहिलं होतं. मग बी वर्गाच्या जागी वजा पंचवीस लिहिलं. त्यातून चोवीस वजा करून वजा एकोणपन्नास. आणि पुढच्या ओळीत त्याचं वर्गमूळ सात. पुढची सगळी आकडेमोड स्वच्छ, उत्तरं तीन आणि वजा एक छेद दोन, खाली दोन रेघा मारलेल्या. सर म्हणाले, "बाळ, वजा पाच गुणिले वजा पाच किती?" ती गप्प. "पंचवीस. मग पंचवीसमधून चोवीस गेले, उरला एक. एकाचं वर्गमूळ एक. उत्तर एक आणि दीड. बघ, तुझं एकच चिन्ह चुकलंय. सूत्र आलं, रीत आली, मांडणी आली. तुला दहावीचं गणित येतंय, सातवीतलं राहिलंय."

दोन महिने आमच्या घरात 'गणित येत नाही' असं जे एकच मोठं वाक्य फिरत होतं, त्याचे त्या दिवशी तुकडे झाले. पुनर्मूल्यांकन करू नका, गुण बरोबर दिलेत, असंही सरांनी सांगितलं. शिवाय बारा पानं कोरी होती. सूत्र लिहिलं की एखादा गुण, आकृती काढून नावं दिली की एखादा. कोऱ्या पानाला कोणी काही देऊ शकत नाही.

पहिले दहा दिवस सरांनी दहावीचं पुस्तक उघडू दिलं नाही. पालकांत कुरबुर झाली. एक वडील तर भांडायला आले की जूनमध्ये परीक्षा आणि तुम्ही अपूर्णांक कसले शिकवताय. माझ्याही पोटात गोळा यायचा. परीक्षा २४ जूनपासून होती. पण लेक रोज घरी येऊन स्वतःहून वही काढायची, म्हणून मी गप्प राहिले.

वजा संख्या तिला कळल्या त्या माझ्या उधारीच्या वहीमुळे. 'वजातून वजा गेलं की अधिक का होतं' हे तिला पटत नव्हतं. नियम पाठ होता, विश्वास नव्हता. सरांनी विचारलं, घरी धंदा काय? मग म्हणाले, आईच्या वहीत तुमच्या नावावर तीनशेची उधारी आहे. आईनं ती खोडली. तुमच्याकडे किती वाढले? संध्याकाळी तिनं माझी वही मागून घेतली आणि पानभर तशी उदाहरणं मांडली. अपूर्णांकांना टेप कामी आली. छाती चौतीस, चौथा भाग साडेआठ, त्यात सव्वा इंच शिलाईचा, झाले पावणेदहा. हे मी रोज तोंडी करते. तिनं ते कागदावर छेद समान करून केलं आणि दोन्ही उत्तरं जुळल्यावर माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी आजवर तिच्यापासून काही लपवून ठेवलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा असा उरलाच नाही. वीस तारखेच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि २५ मेला तर मान्सूनच राज्यात आला. माडीवर पत्रा, त्यावर पाऊस कोसळायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. सरांनी वर्ग बंद ठेवला नाही. फळ्यावर उदाहरण लिहायचे, खडू एकाच्या हातात द्यायचे. त्यानं एकच ओळ लिहायची आणि खडू पुढच्याला. चूक झाली तर कुणी ओरडू शकत नव्हतं, पुढच्यानं उठून ती ओळ पुसून बरोबर लिहायची. तीन-तीन तास असं चालायचं. वर्गात तोंड न उघडणारी पोरं त्या पावसात फळ्यापर्यंत गेली. माझी लेक त्यांतलीच. शाळेत तिला फळ्याची धास्ती होती.

जाण्यायेण्याचं सांगायचं तर आमच्या गावाहून एसटी. मुलींचा शाळेचा मोफत पास सुट्टीतल्या खासगी वर्गाला चालत नाही, पण महिलांना अर्धं तिकीट आहेच. जाऊन-येऊन बावीस रुपये. गाडी चुकली तर तास जायचा, म्हणून ती साडेसहालाच फाट्यावर उभी राहायची. पुस्तकं विकत घेतली नाहीत. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, तिचं जुनं पुस्तक होतंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दहावीचा अभ्यासक्रम धरला. दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी. पाया पक्का झाल्यावर हे किती भराभर सरकतं ते बघून नवल वाटलं. पेपरची रचनाही सरांनी तेव्हाच उलगडून सांगितली. चाळीस गुणांच्या प्रत्येक पेपरात चार गुणांचे बहुपर्यायी प्रश्न, आणि 'कृती पूर्ण करा' असे सात गुण, ज्यात सोडवलेलं उदाहरण देऊन फक्त चौकटी भरायच्या असतात. दोन पेपरचे मिळून बावीस गुण इथेच. आधी हे, मग एक-एक आणि दोन-दोन गुणांचे, चार गुणांचे शेवटी. अंतर्गत गुण धरायचे नाहीत, ऐंशीतूनच पस्तीस आणायचे, असं त्यांचं म्हणणं.

त्रिकोणमितीचा आठवडा ९ ते १४ जून. याची लेकीला सर्वांत जास्त भीती होती, कारण साइन, कोसाइन, टॅन हे शब्द तिला परक्या देशातले वाटायचे. सरांनी सांगितलं की साइन हा मूळचा आपलाच शब्द. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या म्हणतात. आर्यभटानं अर्ध्या ज्यांचं कोष्टक केलं, तो शब्द अरबांकडे जाऊन जिबा झाला, तिथून लॅटिनमध्ये सायनस, आणि फिरून आपल्याकडे साइन म्हणून आला. ती घरी येऊन ओढणी दोन्ही हातांत ताणून मला ज्या आणि अर्धज्या दाखवत होती.

१० जूनला वटपौर्णिमा होती. पावसानं उघडीप दिली होती. मी आणि आमच्या जाऊबाई देवळामागच्या वडाला सूत गुंडाळायला गेलो, तर दुपारी क्लासवरून आलेली ही तिथं हजर. हातात कोनमापक. त्याच्या मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला खाली लोखंडी नट बांधलेला, सरळ कडेला रिकामी बॉलपेनची नळी चिकटवलेली. नळीतून शेंडा बघायचा आणि दोरा किती अंशावर लोंबतोय ते दुसऱ्यानं वाचायचं. नव्वदातून तो आकडा वजा केला की उन्नत कोन, म्हणजे नजर आडव्या रेषेपासून किती अंश वर गेली ते. वाचायला माणूस हवा म्हणून मला बोलावलं. पूजेचं ताट जाऊबाईंकडे देऊन मी गेले.

"आई, पंचेचाळीस आले की थांब म्हण." ती एकेक पाऊल मागे सरत गेली. पंचेचाळीसला थांबली. माझ्या टेपनं मीटर-मीटरला गाठी मारलेली सुंभाची दोरी तिनं बुंध्यापर्यंत लावली. साडेतेरा मीटर. "टॅन पंचेचाळीस म्हणजे एक, म्हणजे उंची पण साडेतेरा. त्यात माझ्या डोळ्यापर्यंतचे दीड. पंधरा मीटर." मग ती म्हणाली, हे खरं असेल तर तीस अंशाला मी साडेतेरा गुणिले एक पूर्णांक त्र्याहत्तर, म्हणजे तेवीस मीटर छत्तीस सेंटिमीटरवर असायला हवी. परत मागे सरत गेली, चपला चिखलात, बायका बघतायत. दोरा साठावर आला, म्हणजे उन्नत कोन तीस. मोजलं. तेवीस मीटर ऐंशी. चुकलं म्हणून तिचा चेहरा उतरेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "जमीन सपाट नाही ना, आणि नट हलत होता." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही पास होईल.

सगळं असं चढतं नव्हतं. त्याआधी तापानं तिचे दोन दिवस बुडाले होते आणि १६ जूनच्या रात्री तिनं पुस्तक मिटलं, "मी बसत नाही परीक्षेला." समरूपतेची प्रमेयं डोक्यात राहत नव्हती. मैत्रिणींच्या अकरावीच्या अर्जांची चर्चा रोज कानावर येत होती, त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या राज्यात अकरावी ऑनलाइन होती आणि व्हॉट्सॲपवर दुसरा विषय नव्हता. मी तिला समजवायला गेले नाही, मला शब्दच सुचले नाहीत. सकाळी सरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रमेयं सोडून द्या तिला. भौमितिक रचना आणि महत्त्वमापन करू दे. सगळं यायची गरज नाही." एवढ्या एका वाक्यावर ती पुन्हा उठली. मुलांना काय सोडायचं हेही कुणीतरी मोठ्यानं सांगावं लागतं.

हॉलतिकीट शाळेतून घेतलं. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे ना ते बघा. केंद्र तिची नेहमीची शाळा नव्हती, म्हणून आदल्या दिवशी जाऊन बघून आलो. पेपर अकराला, साडेदहाला आत. शेवटी दहा मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे एक वाजून दहापर्यंत. ती दहा मिनिटं सरांनी फक्त चिन्हं तपासायला राखून ठेवायला सांगितली होती. दोन पेना, पेन्सिल, कंपासपेटी, साधं घड्याळ. कॅलक्युलेटर चालत नाही. केंद्राबाहेर आम्ही आठ-दहा आया छत्र्या धरून उभ्या होतो, कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं. एकीनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

भाग एकचा पेपर बरा गेला. भाग दोनमध्ये चार गुणांचं त्रिकोणमितीचं उदाहरण सुटलं नाही. दोन उन्नत कोन, एक मनोरा, मधलं अंतर. आकृती काढली, नावं दिली, पुढे वेळ संपला.

पुरवणी परीक्षा ८ जुलैला संपली आणि निकाल २९ जुलैला लागला. हे तीन आठवडे मला मे महिन्यापेक्षा जड गेले. अभ्यास नाही, कॉलेज नाही, ती माझ्याजवळ बसून हूक लावायची. निकालाच्या दिवशी साइट तिनंच उघडली. गणित ४६.

सगळा खर्च, बुडालेल्या हजारासकट, साडेपाच हजारांच्या आसपास झाला. माझ्या हिशेबात पंधरा-सोळा अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई. मूळ गुणपत्रिका शाळेतून नंतर मिळते, तोवर अकरावीच्या प्रवेशासाठी ऑनलाइन निकालाची प्रिंट जवळ ठेवा, आणि जुनी गुणपत्रिका फाडू नका, प्रवेशाच्या वेळी बाकीच्या विषयांसाठी ती लागते.

गुणपत्रिका आल्यावर पेढे घेऊन सरांकडे गेलो. माडीवर त्या वेळी कुणी नव्हतं. सरांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, मान हलवली आणि विचारलं, "सुटलं नाही ते उदाहरण कोणतं होतं?" तिनं दप्तरातून प्रश्नपत्रिका काढली. ती तिनं आणली आहे हे मला माहीत नव्हतं. सरांनी खडू पुढे केला. मग ती फळ्याशी गेली, मनोरा काढला, खाली डावीकडे साठ लिहिलं, त्याच्या पलीकडे तीस, आणि पहिली ओळ लिहून खडू सरांच्या हातात दिला. त्यांनी दुसरी ओळ लिहिली आणि खडू तिला परत दिला.